दोन पेडलांमधली पट्टी

दंतवैद्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, ट्रॅक्टरच्या उजव्या बाजूला गुडघे टेकले आणि कुणाची दाढ तपासावी तसं ब्रेकच्या पेडलांमागे बोट घालून चाचपून पाहिलं.

"पट्टी कुठाय?"

"कसली पट्टी?" फिटरनं विचारलं.

आवारात सहा जुने ट्रॅक्टर आधीच येऊन उभे होते. जुन्या ट्रॅक्टरांच्या वेडानं एकत्र आलेली ही मंडळी वर्षातून एकदा कुणाच्या तरी शेतावर जमायची, आपापली यंत्रं नांगराला जोडायची आणि दिवसभर एकमेकांच्या इंजिनांना नावं ठेवायची. प्रत्येक यंत्र आधी तपासून मगच शेतात सोडायचं, हे काम दंतवैद्यांचं. इथं ती पहिल्यांदाच आली होती, कारण इथला ट्रॅक्टर सव्वीस वर्षांनी सुरू झाला होता. तो सुरू केला होता दोघांनी, दादांनी आणि त्यांच्या पुतणीनं. पुतणी शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायची. फिटरचं काम वेगळं आणि लेथचं वेगळं, हे तिनं घरात दहादा समजावून सांगितलं होतं. पण आत्यानं एकदा फिटर म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. दोन वर्षं दर रविवारी ती इथं येऊन काकांबरोबर तेलात हात घालत होती.

"ही दोन पेडलं बघ," दंतवैद्य म्हणाले. "एक डाव्या चाकाचा ब्रेक, एक उजव्या चाकाचा. शेतात टोकाला जाऊन वळायचं असेल तर एकच दाबायचं, गाडी जागच्या जागी फिरते. पण रस्त्यावर दोन्ही बरोबरच दाबली गेली पाहिजेत. म्हणून मध्ये एक पट्टी असते. ती पाडली की दोन पेडलांचं एक होतं. हे भोक तिचंच."

"मला वाटलं, दिव्याचं असेल."

"इतक्या खाली दिवा? मुंग्यांना उजेड दाखवायला?" पोस्टमास्तर मागून म्हणाले. ते निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण आवाज अजून खिडकीपलीकडच्या रांगेला ऐकू जाईल असाच होता.

"काका, याला पट्टी नव्हती?" फिटरनं विचारलं.

दादा रेडिएटरचं झाकण पुसत होते. ते सकाळपासून चारदा पुसून झालं होतं.

"होती," ते म्हणाले. "हरवली."

"हरवली तर नवी करा, दहा मिनिटांचं काम आहे," दंतवैद्य उठत म्हणाले. "पण शेत रस्त्यापलीकडे आहे आणि रस्त्याला उतार आहे. पट्टीशिवाय मी याला फाटकाबाहेर सोडणार नाही. पट्टी नसलेला ट्रॅक्टर उतारावर घाईत एका पायानं थांबवायला गेलात, की एकच चाक धरतं आणि गाडी आडवी होते."

"नियमाचे पक्के आहेत," पोस्टमास्तर म्हणाले. "गेल्या वर्षी एका नटासाठी माझं यंत्र परत पाठवलं. आणि तोंडात कापूस कोंबल्यासारखं, मला एक शब्द बोलू दिला नाही."

सगळे हसले. फिटर हसली नाही. तिनं काकांकडे पाहिलं, मग पेडलांकडे, आणि शेडमध्ये गेली.

कोपऱ्यातल्या भंगारातून तिनं लोखंडी पट्टीचा तुकडा काढला, व्हाइसमध्ये धरला आणि करवत लावली. करवतीचा आवाज थांबला तेव्हा मागे पावलं वाजली. काका आले होते.

"त्या दिवशी होती का पट्टी?" तिनं मागे न वळता विचारलं.

तिनं पट्टीच्या कडेवर कानस ठेवली आणि घासायला लागली. तिचे वडील गेले तेव्हा ती चार वर्षांची होती. त्यांच्याबद्दल तिला घरात एवढंच सांगितलं गेलं होतं की ट्रॉली घेऊन उतारावरून जाताना ट्रॅक्टर उलटला, आणि ते वेगात होते. वेगात होते हे इतक्यांदा ऐकलं होतं की डोळे मिटले तर तिला फक्त पळणारी चाकं दिसायची, माणूस दिसायचाच नाही.

"पिन तुटली होती," दादा म्हणाले. ते उलट्या खोक्यावर बसले होते. "आठ दिवस आधी. पट्टी लोंबायला लागली, पायात यायची, म्हणून मी काढून ठेवली. शेतातच तर चालवत होतो. म्हटलं, सवडीनं पिन करून घेऊ."

"बाबांना सांगितलं होतं?"

"त्या दिवशी ट्रॉली घेऊन मीच जाणार होतो. अंगात ताप होता. बारक्या म्हणाला, तू पड, मी जाऊन येतो. तो गेला. मला झोप लागली. अर्ध्या तासानं जागा झालो आणि एकदम आठवलं. तसाच पळत सुटलो." त्यांनी पायानं जमिनीवर एक रेघ ओढली. "रस्त्यावर एकाच चाकाचा ओरखडा होता."

कानस चालू राहिली. हात थांबवला तर आपल्या हातून काय होईल याची फिटरला खात्री नव्हती.

"काढलेल्या पट्टीचं काय केलंत?"

"विहिरीत टाकली. त्याच संध्याकाळी."

"आपण याचा एकूण एक नट सोडवला, काका. पिस्टनच्या रिंगा तुम्ही मला शिकवल्यात. पण ब्रेक उघडायची वेळ आली तेव्हा म्हणालात, हे मी एकटा करतो. मला वाटलं, बिचाऱ्यांना त्रास होत असेल."

"होत होता."

"आणि मी तुमच्यासाठी चहा आणायला गेले!" तिचा आवाज फाटला. तिनं पट्टी सोडवली, फुंकर मारली, पुन्हा उलटी धरली. "आई निघाली आहे. आक्काआत्याबरोबर येतेय. तुम्ही तिला सांगायचं. मी सांगणार नाही. आणि तुम्ही सांगितल्याशिवाय मी त्या सीटवर बसणार नाही."

"सगळे आलेत, पोरी. आजचा एक दिवस जाऊ दे."

"किती दिवस गेले, काका? मोजा की."

*

स्वयंपाकघराच्या खिडकीतून थोरलीनं नवऱ्याला शेडमधून बाहेर येताना पाहिलं आणि तिच्या हातातला चमचा पातेल्यात तसाच राहिला. खांदे पाडून, कुठं जायचं ते न सुचलेल्या माणसासारखे ते आवाराच्या मधोमध उभे होते. असे ते पूर्वी एकदाच दिसले होते. बारक्या जाऊन वर्ष व्हायचं होतं तेव्हा, याच खोलीच्या दारात. त्या दिवशी त्यांनी तिला पट्टीचं सांगितलं होतं आणि म्हणाले होते, "मी जाऊन धाकटीला सांगतो."

तिनंच त्यांना धरून ठेवलं होतं. सांगून माणूस परत येणार आहे का, घर मात्र दुभंगेल, आपली मुलं लहान आहेत, असं बरंच काही ती बोलली होती. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर ते गप्प राहणं इतकी वर्षं टिकलं.

बारक्याच्या मागे धाकटी मुलीला घेऊन शहरात गेली, चष्म्याच्या दुकानात काचा बसवायला लागली. थोरली दर महिन्याला तिच्याकडे जायची. सुरुवातीला मनावरचं ओझं तिला तिथं नेत होतं. मग कधीतरी ते मागे पडलं आणि ती नुसती धाकटीला भेटायला जायला लागली. मुलीला कांजिण्या झाल्या तेव्हा अकरा दिवस तिथं राहिली. दोघी एका चादरीत झोपायच्या आणि शेजारच्या बाईच्या नकला करून हसायच्या. तसं हसणं तिला स्वतःच्या बहिणीबरोबरही कधी जमलं नव्हतं.

फाटकाशी मोटार थांबली. आधी आक्काचा आवाज आत आला, मग आक्का. तिच्यामागून धाकटी उतरली. पायापाशी बघत, नव्या जागी उतरावं तशी.

थोरलीनं गॅस बारीक केला. बाहेर जाऊन तिला हाताशी धरून घरात आणावं, असं तिला वाटलं. मग तिला दिसलं की दादा धाकटीच्या दिशेनं निघाले आहेत. ती खिडकीतच उभी राहिली.

*

धाकटी छप्पन्न वर्षांची होती, केस अर्धे पांढरे झाले होते, तरी या घरासाठी ती धाकटीच होती. इथं यायचं तिनं कायम टाळलं होतं. लग्नकार्याला शहरातच भेटायची. आज आली ती केवळ मुलगी म्हणाली म्हणून: "आई, तू त्याच्यावर चिडू नकोस गं, ते यंत्र आहे. एकदा बघ तरी."

दादा तिला पाण्याच्या टाकीपाशी घेऊन आले. तिथं सावली होती आणि एक नळ होता, नीट बंद न झालेला. त्यांनी सगळं सांगितलं. पिन, ताप, झोप, विहीर. मध्ये त्यांनी दोनदा नळ घट्ट करायचा प्रयत्न केला.

धाकटीनं ऐकून घेतलं. दिवसभर लहान स्क्रू आणि काचा हाताळणाऱ्या तिच्या बोटांना उगाच हलायची सवय नव्हती. ती स्थिर होती.

"तुम्ही सांगायचं विसरलात, की टाळलंत?" तिनं विचारलं.

"विसरलो. शपथेवर सांगतो."

"ते मी मानते. ताप असलेला माणूस विसरतो. मीही विसरले असते." तिनं श्वास घेतला. "मग ते वेगात होते, हे कुणी म्हटलं?"

"चौकशीला आलेल्या माणसानं विचारलं, वेगात होता का. मी म्हटलं, असेल."

"असेल?"

"एवढंच म्हटलं. पुढचं लोक बोलत गेले. आक्का बोलत गेली."

"आणि तुम्ही ऐकत गेलात."

दादांनी मान खाली घातली.

"दादा, मी त्यांच्यावर किती रागावले होते, तुम्हाला ठाऊक नाही," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "घरी चार वर्षांची मुलगी आहे आणि हा माणूस उतारावर गाडी पळवतो. लोक रडले, मी नीट रडलेसुद्धा नाही. त्यांचा फोटो मी कपाटात ठेवला, भिंतीवर नाही. पोरगी सायकल मागायची, मी दिली नाही. बापाचं रक्त आहे, वेग अंगात असणार म्हणायची. शाळेत सगळी मुलं सायकलवर, ही एकटी चालत. अठरा वर्षांची झाली तेव्हा मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसली म्हणून मी तिच्या थोबाडीत मारली होती. एका 'असेल'पायी."

"मला शिक्षा कर," दादा म्हणाले. "म्हणशील ते—"

"मी कशाला शिक्षा करू? मला दुसरी कामं आहेत." ती पहिल्यांदाच तडकली. "जेवायला सगळे एकत्र बसतील ना? तिथं सांगा. सगळ्यांना ऐकू जाईल असं. तुम्ही एकाला म्हणालात आणि ते गावभर झालं. आता हेही होऊ दे."

"आणि मग?"

"मगचं मला माहीत नाही. आज तरी मला तुमच्याशी आणखी बोलायचं नाही."

ती घराकडे वळली. दारात थोरली उभी होती. धाकटीनं तिच्या खांद्यावर कपाळ टेकवलं आणि कुजबुजली, "ताई, आमच्या ह्यांची चूक नव्हती गं." थोरलीचे हात तिच्या पाठीवर गेले, पण तोंडातून शब्द फुटला नाही. धाकटीला वाटलं, धक्का बसला असेल.

*

शेडच्या पत्र्याखाली फळ्या जोडून लांब टेबल केलं होतं. आक्का मधोमध बसली, कारण कडेला बसलं की निम्म्या माणसांशी बोलता येत नाही. आपल्याला कुणी बोलघेवडी म्हटलं तर तिला वाईट वाटायचं नाही. या घरात सगळे तोंड मिटून बसणारे. कुणीतरी बोलायला नको? भाऊ गेला तेव्हाही तीच बोलली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच सांगायची. सांगता सांगता रडायची आणि मग बरं वाटायचं.

"म्हणजे हा तोच ट्रॅक्टर?" समोरून पोस्टमास्तरांनी विचारलं.

"तोच," आक्का म्हणाली. "आमचा बारक्या. नाव बारक्या आणि उंची दारात मावायची नाही. पण हातात स्टिअरिंग आलं की त्याला पंख फुटायचे बघा. कितीदा सांगितलं, अरे हळू, घरी बायकापोरं—"

"आक्का, थांब," दादा म्हणाले.

आक्का थांबली. दादा तिला कधीच थांबवत नसत. ते टेबलाच्या टोकाला उभे राहिले होते आणि त्यांच्या हातात पाण्याचा पेला होता. कुणाला वाटलं, आभाराचं भाषण असेल. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या आणि चेहरा बघून बंद केल्या.

त्यांनी थोडक्यात सांगितलं. ब्रेकची पट्टी मी काढून ठेवली होती, भावाला सांगितलं नाही, त्यामुळे ट्रॅक्टर उलटला. तो वेगात होता असं मी म्हणालो, ते खोटं होतं. चूक त्याची नव्हती, माझी होती. मग ते बसले नाहीत, तसेच उभे राहिले.

आक्काला पहिल्यांदा काही कळलंच नाही. तिच्या तोंडात "बायकापोरं" हा शब्द अजून अर्धा होता. मग तिला आठवायला लागलं. कुठं कुठं सांगितलं आपण? दुकानात, दवाखान्यात, प्रत्येक लग्नात. धाकटीच्या घरी, धाकटीसमोर. एकदा तर पोरगी अभ्यास करत होती आणि आपण तिला म्हणालो होतो, बापासारखी घाई करू नकोस.

"वहिनी," ती थोरलीकडे वळली, "तुला हे ठाऊक होतं?"

थोरली वाढत होती. तिनं भांडं खाली ठेवलं.

"हो," ती म्हणाली. "हे सांगायला निघाले होते, पहिल्याच वर्षी. मीच गप्प बसवलं."

धाकटीनं झटक्यानं वर पाहिलं. दादांचं ऐकून ती हलली नव्हती. या एका वाक्यानं तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "ताई, तू?" ती म्हणाली. "तू माझ्या शेजारी झोपायचीस."

थोरलीच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचा आपल्याला हक्क नाही असं समजून ती तशीच उभी होती.

आक्का उठली. बोलायला तोंड उघडलं, मिटलं. सबंध आयुष्यात पहिल्यांदा तिला पुढचं वाक्य सापडेना. शेवटी तिनं आपलं ताट उचललं, टेबलाला वळसा घातला आणि धाकटीच्या शेजारी, दोन माणसांमधल्या एवढ्याशा जागेत अंग चोरून बसली. धाकटी तिच्याकडे बघत नव्हती. बाजूला मात्र सरकली.

"आपण आज नांगरट राहू देऊ," दंतवैद्य हळूच म्हणाले. "आम्ही निघतो. घरचा विषय आहे."

"नाही," धाकटी म्हणाली. "दोन वर्षं घातलीत तिनं. चालवू दे."

*

पट्टी बसवली तेव्हा दंतवैद्यांनी ती तीनदा पाडून, तीनदा उचलून पाहिली आणि मान डोलावली. फिटरनं ट्रॅक्टर फाटकातून बाहेर काढला. उतार जेमतेम दोनशे पावलांचा. ती पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पेडलांवर पाय तयार ठेवून उतरली. शेतात आल्यावर तिनं पट्टी उचलली, पेडलं सुटी केली. हेच करायचं असतं, एवढंसं.

नांगरटीचं पहिलं तास, म्हणजे नांगराची पहिली ओळ, सरळ यायला समोरच्या टोकाला खूण लागते. दरवेळी कुणीतरी काठीला कापड बांधून तिथं उभं राहतं आणि चालवणाऱ्यानं त्याच्यावरची नजर काढायची नाही. फिटरनं मान वर केली. समोरच्या टोकाला काठी धरून काका उभे होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ठरलं होतं तसे ते जाऊन उभे राहिले होते.

तिला दुसऱ्या कुणाला तरी हाक मारता आली असती. पोस्टमास्तर आनंदानं गेले असते. पण तिनं नांगर खाली सोडला, क्लच सोडला, आणि त्यांच्याकडे बघत निघाली.

फाळ जमिनीत घुसला तसं इंजिन जड झालं, मग सावरलं. मागे माती उलटत येत होती, आवाजावरून कळत होतं. वळून बघायचं नाही. काका समोर मोठे होत गेले. आधी काठी, मग शर्ट, मग चेहरा. ते रडत नव्हते. तिच्या पुढच्या चाकाकडे बघून हातानं खुणावत होते: किंचित डावीकडे. तिनं किंचित डावीकडे घेतलं. टोकाला पोचली तेव्हा ते बाजूला झाले.

"सरळ आलं," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली. तिनं उजवं पेडल दाबलं, ट्रॅक्टर जागच्या जागी वळवला आणि परत निघाली.

या टोकाला मंडळी बांधावर उभी होती. थोरली त्यांच्यापासून बरीच लांब, एकटी. आक्का धाकटीच्या मागे पाण्याची बाटली घेऊन. फिटर थांबली तेव्हा तिची आई पोस्टमास्तरांना काहीतरी विचारत होती. इंजिनच्या आवाजात पोस्टमास्तरांचाच आवाज काय तो ऐकू येत होता.

"कोण, हा? पळून पळून किती पळणार! सायकलवाला याला मागे टाकेल. पळवायचाच तर उतारावर गिअर काढून टाकायचा, बेवडे काढतात तसा. मग मात्र देवाची आठवण येते."

"त्यांनी गिअर काढला होता का, ते कसं कळणार?" धाकटी म्हणाली.

"आई," फिटर सीटवरून ओरडली. "मला माहीत आहे."

सगळ्यांनी वर पाहिलं.

"अपघातानंतर क्रेननं उचलून याला शेडमध्ये ठेवलं ना, तेव्हापासून कुणी हात लावला नव्हता. मी गिअरबॉक्स उघडला तेव्हा गिअर गंजून अडकले होते. एक आठवडा तेल घालत बसले होते मी. दुसऱ्यात होता, आई. बाबांनी उतारावर दुसरा गिअर ठेवला होता."

"म्हणजे?"

"म्हणजे चालत गेल्यासारखे जात होते," दंतवैद्य म्हणाले. "भरल्या ट्रॉलीसकट असंच उतरायचं असतं. शहाण्या माणसासारखे जात होते ते."

धाकटी पुढे आली. नांगरलेल्या ढेकळांत तिची चप्पल रुतली. ती सोडून ती तशीच आली आणि मागच्या मोठ्या चाकाच्या मडगार्डवर तळवा ठेवला. पत्रा थरथरत होता. तिचे ओठ हलले, पण फिटरला काही ऐकू आलं नाही.

"काय?"

आई पुन्हा काहीतरी म्हणाली. बोटानं मडगार्डवरची जागा दाखवत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं होतं, जे मुलीनं कधी पाहिलं नव्हतं.

फिटरनं इंजिन बंद केलं.

"अगं, बंद काय करतेस!" पोस्टमास्तर कळवळले. "तापलेलं पुन्हा लवकर सुरू व्हायचं नाही!" दंतवैद्यांनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना बांधावर मागे नेलं.

शेत एकदम शांत झालं. गरम लोखंड टकटक वाजत होतं.

"आता सांग," फिटर म्हणाली.

"मी इथं बसायचे," धाकटी म्हणाली. "इथं, मडगार्डवर. लग्न होऊन महिना झाला असेल. बाजारापर्यंत मला घेऊन निघाले होते. इतके हळू, इतके हळू, की डोक्यावर भारा घेतलेली एक म्हातारी मागून आली, आमच्याकडे बघितलं आणि पुढे निघून गेली."

फिटर सीटवर पुढे वाकली.

"मी म्हटलं, मी उतरते, चालत लवकर पोचेन. तर म्हणाले, उतर की. पण मग मी गप्पा कुणाशी मारू?"

आक्कानं तोंडाला हात लावला. फिटरनं स्टिअरिंगवरून हात काढले आणि मांडीवर ठेवले.

"मग? उतरलीस?"

"छे," आई म्हणाली. "कशाला उतरतेय!"